तैलरंगातील व्यक्तिचित्र करवून घेताना

वडिलांच्या वर्षश्राद्धाचा सुमार जवळ आला की अनेक घरांतून त्यांच्या चित्राचा विषय निघतो. भिंतीवरचा फोटो फिकट होत चाललेला असतो. एक भाऊ पुण्यात, एक ठाण्यात, बहीण परदेशात. सर्वांनी मिळून बाबांचे एक चांगले, मोठे, ऑइलमधले चित्र करवून घ्यावे असे फोनवर ठरते. कोणाच्या तरी ओळखीतून चित्रकार मिळतो. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांना लावलेला पासपोर्ट आकाराचा फोटो त्याच्याकडे जातो आणि आगाऊ रक्कमही दिली जाते. दोन-तीन महिन्यांनी चित्र घरी येते, वरचा कागद सोडवला जातो आणि सगळे समोर उभे राहतात. नाक, मिशी, चष्म्याची दांडी सारे जागच्या जागी असते. आई मात्र थोडा वेळ पाहून म्हणते, "हे कचेरीतले साहेब झाले. हे नव्हेत."

अशा वेळी दोष चित्रकाराच्या माथी मारला जातो. वास्तविक त्याने जे हाती दिले तेच रंगवलेले असते. तो फोटो कचेरीच्या कामासाठी काढलेला होता, त्यात कचेरीतलाच माणूस आला. व्यक्तिचित्राच्या व्यवहारातील बहुतेक तंट्यांचे मूळ रंगकौशल्यात नसते. नेमक्या कोणत्या माणसाचे चित्र हवे आहे आणि ते जमले की नाही हे कोणी ठरवायचे, या दोन गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी कोणी बोललेलेच नसते. पैशाचा, आकाराचा आणि चौकटीचा प्रश्न त्यानंतरचा.

संस्थाने, सभागृहे आणि दिवाणखाने

महाराष्ट्रात तैलरंगातील व्यक्तिचित्राची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पाश्चात्त्य पद्धतीच्या यथार्थदर्शी चित्रणाचे शिक्षण मिळू लागले आणि पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, मूळचे गोव्याचे त्रिंदाद, धुरंधर, हळदणकर अशी नामवंतांची मालिकाच तयार झाली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्म्यांकडून राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे करवून घेतली. कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यापासून व्यक्तिचित्रणाची जी रीत रुजली ती आजही टिकून आहे. संस्थाने गेली तेव्हा संस्थानिकांची जागा नगरपालिका, महाविद्यालये, सहकारी बँका आणि साखर कारखान्यांच्या सभागृहांनी घेतली. संस्थापकांचे चित्र अध्यक्षांच्या खुर्चीमागे लागलेच पाहिजे, या आग्रहावर कित्येक चित्रकारांची घरे चालली आहेत. अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे सर्वोच्च पारितोषिक २००६ मध्ये मुंबईच्या वासुदेव कामत यांना त्यांनी रंगवलेल्या पत्नीच्या चित्राबद्दल मिळाले, ते याच परंपरेच्या वाटेवरचे म्हणावे लागेल.

कोणत्या माणसाचे चित्र, हा प्रश्न किती खरा आहे ते पाहायचे असेल तर पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरात जावे. १९६८ मध्ये उभ्या राहिलेल्या या रंगमंदिरासाठी गोपाळराव देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन चित्रे केली, एक पुरुषवेषातील आणि एक स्त्रीभूमिकेतील. माणूस एकच. परंतु नारायणराव राजहंस आणि रंगभूमीवरची नायिका यांपैकी एकच चित्र लावले असते तर येणाऱ्या प्रेक्षकाला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटले असते. घरातल्या वडिलांचेही असेच असते. चाळिशीतले कर्ते वडील, निवृत्तीनंतर खिडकीशी वर्तमानपत्र वाचणारे आजोबा आणि शेवटच्या आजारपणात खंगलेले गृहस्थ ही तीन वेगळी चित्रे होत. मुलांना पहिले हवे असते, नातवंडांनी दुसरेच पाहिलेले असते आणि हाताशी असलेला मोबाइलवरचा स्वच्छ फोटो नेमका तिसऱ्याचा असतो.

म्हणून चित्रकाराकडे जाण्यापूर्वी घरातच एक बैठक व्हावी. वय कोणते धरायचे, पेहराव कोणता, टोपी की उघडे डोके, चष्मा ठेवायचा की काढायचा, चेहऱ्यावर हसू हवे की नाही, हे तिथेच ठरावे. आणि 'जमले' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यावा. ती व्यक्ती शक्यतो आई असावी किंवा जिने त्या माणसाला सर्वांत जवळून आणि सर्वांत जास्त काळ पाहिले ती असावी. सहा जणांची समिती नेमली की सहा सूचना येतात आणि त्या सगळ्या पाळल्या की चित्र कोणाचेच राहत नाही.

संस्थांच्या बाबतीत हा घोळ अधिक असतो, कारण पैसे देणारा एक, चित्र ज्याचे तो दुसरा आणि पाहणारे तिसरेच. याचे जगप्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील आहे. विन्स्टन चर्चिल यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त तेथील संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी ग्रॅहॅम सदरलँड या चित्रकाराकडून त्यांचे चित्र करवून घेतले आणि ३० नोव्हेंबर १९५४ रोजी समारंभपूर्वक भेट दिले. चित्रकाराला थकलेला, हट्टी म्हातारा दिसला होता. चर्चिल यांना स्वतःमध्ये तो दिसत नव्हता. त्यांना ते चित्र मनापासून आवडले नाही आणि पुढे चर्चिल यांच्या घरच्यांनीच ते नष्ट करवले. ही गोष्ट जगाला कळली ती १९७८ मध्ये, लेडी चर्चिल यांच्या निधनानंतर. सदरलँड यांची तयारीची रेखाटने तेवढी आज पाहायला मिळतात.

चित्रकार कसा निवडावा

प्रत्येक चांगला चित्रकार चांगला व्यक्तिचित्रकार असतोच असे नाही. निसर्गदृश्यात ज्याचा हातखंडा, त्याला चेहऱ्याचे साम्य साधेलच याची खात्री नसते. निवडीसाठी सर्वांत सोपा मार्ग प्रात्यक्षिकाचा. व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिके ही महाराष्ट्राच्या कलाजीवनातील एक खास गोष्ट आहे. कलामहाविद्यालये, कलासंस्था, स्मृतिदिनाचे कार्यक्रम यांतून एखादा चित्रकार समोर व्यक्ती बसवून दोन-अडीच तासांत चेहरा उभा करतो आणि प्रेक्षक तो घडताना पाहतात. तिथे जाऊन बसावे. कोऱ्या कॅनव्हासवर पहिल्या वीस मिनिटांत डोक्याचा आकार आणि मानेचा कल जो अचूक पकडतो, त्याच्या हाती काम सोपवण्यास हरकत नाही.

प्रात्यक्षिक शक्य नसेल तर चित्रकाराने पूर्वी केलेली चार-पाच चित्रे प्रत्यक्ष पाहावीत. पडद्यावर सगळीच चित्रे गुळगुळीत आणि चमकदार दिसतात. पाहताना फोटोवरून केलेले चित्र आणि ज्या फोटोवरून केले तो फोटो शेजारी ठेवून मागावा. डोळ्यांतली चमक आणि साडीचा काठ यांकडे लक्ष आपोआप जातेच. ते थोडे बाजूला ठेवून हात पाहावेत, कान पाहावेत, कपाळ आणि केस जिथे मिळतात ती कड पाहावी. कच्च्या हाताची चित्रे इथे उघडी पडतात. बोटे केळ्यांसारखी होतात आणि केसांचा टोप बसवल्यासारखा दिसतो.

नजर तयार करायची असेल तर जुनी चित्रेही पाहून ठेवावीत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये औंध येथे उभारलेले श्रीभवानी संग्रहालय, बडोद्याचे महाराजा फत्तेसिंग संग्रहालय, पणजीच्या फोंतेन्यास भागात फुंदासांव ओरिएन्तकडे असलेला त्रिंदाद यांचा संग्रह ही त्यातली काही ठिकाणे. एका सुटीत एक याप्रमाणे ती सहज पाहून होतात.

समोर बसून की फोटोवरून?

व्यक्ती हयात असेल आणि तिची प्रकृती साथ देत असेल तर समोर बसवूनच चित्र करवून घ्यावे. पूर्ण चित्राला साधारणतः पाच ते आठ बैठका लागतात. एक बैठक दोन-अडीच तासांची. दर वीस-पंचवीस मिनिटांनी विश्रांती. वयस्कर व्यक्तीची बैठक सकाळी ठेवावी, कारण दुपारच्या जेवणानंतर चेहरा उतरतो आणि सकाळी काढलेले ओठ दुपारी जुळत नाहीत. उजेड एका बाजूच्या खिडकीचा असावा. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, म्हणून चित्रकार ती पसंत करतात. मात्र हा नियम मुळात युरोपातला आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. तेव्हा त्या काळात उत्तरेच्या खिडकीलाही पांढरा पडदा लावावा लागतो.

समोर बसलेल्या व्यक्तीला आपले चित्र अनेकदा आवडत नाही, घरच्यांना मात्र ते तंतोतंत वाटते. याचे कारण साधे आहे. माणूस स्वतःला आयुष्यभर आरशात पाहतो, म्हणजे उलटा पाहतो. भांग, तीळ, तोंडाचा बारीकसा तिरकेपणा हे सारे चित्रात त्याला दुसऱ्या बाजूला दिसते. अशा वेळी चित्र आरशात पाहायला सांगावे. निम्मी तक्रार तिथेच संपते.

परंतु आज घरगुती चित्रांची मागणी मुख्यतः दिवंगतांसाठी असते आणि तिथे फोटोवाचून गत्यंतर नाही. फोटोवरून केलेले काम कमी दर्जाचे, असे मानण्याचे कारण नाही. दिल्लीत जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आताच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहासाठी देऊसकरांनीच लोकमान्य टिळकांचे चित्र केले. त्याचे अनावरण १९५६ मध्ये झाले. टिळक गेले १९२० मध्ये, तेव्हा देऊसकर अवघे आठ-नऊ वर्षांचे होते.

फोटो एकच न देता घरात असतील तितके द्यावेत. मुख्य फोटो कोणता हे स्पष्ट सांगावे. बाकीचे चित्रकाराला डोक्याची घडण समजण्यासाठी उपयोगी पडतात. समोरून मारलेल्या फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर छाया पडत नाही. नाकाची उंची, गालाच्या हाडांचा उठाव कळत नाही. पासपोर्ट फोटो नेमका याच कारणाने सर्वांत कुचकामी ठरतो. मोबाइलवर अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. लग्नाच्या, मुंजीच्या गडबडीत कोणी दुरून, खिडकीच्या उजेडात, नकळत टिपलेला एखादा फोटो बहुधा या सगळ्यांहून कामाचा निघतो. स्टुडिओतल्या जुन्या फोटोंच्या काचा किंवा निगेटिव्ह शिसपेन्सिलीने घोटून सुरकुत्या पुसण्याची पद्धत होती. त्यामुळे साठीतले आजोबा त्यात पस्तिशीचे दिसतात. काही वेळा निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढलेली असते. सदऱ्याचा खिसा उजवीकडे किंवा पदर उजव्या खांद्यावर दिसला तर शंका घ्यावी, पण घराण्याची पदर घेण्याची रीतही विचारून घ्यावी.

फोटोत जे नाही ते शब्दांनी द्यावे लागते. ते बसत कसे, बोलताना मान कुठे झुके, हातात काठी असे की पानाचा डबा, हे चित्रकाराला सांगावे. हात आणि बसण्याची ढब यासाठी त्याच अंगकाठीचा एखादा भाऊ किंवा नातू तासभर बसवता आला तर चित्राला फार फरक पडतो. वडिलांचा कोट, आजीचे नऊवारी लुगडे घरात असेल तर तेही न्यावे. कापडाची घडी फोटोत सपाट होऊन जाते.

'रंग जरा उजळ करा'

चित्रकारांना सर्वाधिक वेळा ऐकावी लागणारी सूचना हीच. सावळ्या आईचे चित्र गव्हाळ मागितले जाते, गव्हाळ वडिलांचे गोरे. आपल्या समाजाच्या या हौसेवर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. पण चित्राच्या दृष्टीने ती महागात पडते. चेहऱ्याचे साम्य मुख्यतः उजेड आणि छायेच्या मोठ्या भागांत असते. तीळ आणि भुवयांचे केस नंतरचे. डोळे बारीक करून दहा-बारा फुटांवरून पाहिले तरी माणूस ओळखू येतो तो त्या भागांमुळेच. सावळ्या त्वचेवर कपाळाची, नाकाच्या शेंड्याची चमक ठळक असते आणि छाया उबदार, तांबूस असतात. तो रंग वर चढवला की चमक आणि छाया यांच्यातले अंतर बदलते आणि चेहराच बदलतो. मग 'काहीतरी चुकलंय' एवढेच सगळ्यांना कळते, काय ते कळत नाही.

याला एक खरी बाजूही आहे. जुन्या कृष्णधवल फोटोंमध्ये रंग विश्वसनीय नसतो. पूर्वीच्या बऱ्याच काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला दाद देत नसत, त्यामुळे तांबूस त्वचा होती त्याहून काळी उमटे. अशा वेळी ज्याचा वर्ण त्या व्यक्तीसारखा होता असे घरचे सांगतात, तो मुलगा किंवा ती बहीण चित्रकाराला दाखवणे हाच चांगला उपाय.

किंमत आणि करार

व्यक्तिचित्राला दरफलक नाही. चित्रकाराचे नाव आणि अनुभव यांखेरीज किंमत ठरते ती आकारावर आणि शरीराचा किती भाग घ्यायचा यावर. नुसता चेहरा, छातीपर्यंत, कमरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत आणि पूर्णाकृती अशी चढती भाजणी असते. हात आले की काम वाढते. एकाच चौकटीत आई-वडील दोघे हवे असतील तर काम दुपटीने होते, शिवाय दोन वेगळ्या फोटोंतला उजेड एकाच बाजूने आणावा लागतो. भावंडांना प्रत्येकी एक प्रत हवी असेल तर ते सुरुवातीलाच बोलावे. चित्रकाराने स्वतः केलेल्या दुसऱ्या प्रतीलाही जवळपास पहिल्याइतकेच श्रम पडतात. मूळ चित्र कोणाकडे राहायचे हा प्रश्नही तेव्हाच मिटवलेला बरा. तो मागाहून निघाला की बराच लांबतो.

सर्वसाधारणपणे एक तृतीयांश ते निम्मी रक्कम आगाऊ घेतली जाते. एका पानाचा लेखी करार दोघांनाही सोयीचा. त्यात आकार इंचांत लिहावा, कॅनव्हास सुती की लिननचा ते लिहावे, मुख्य फोटोची प्रत जोडावी आणि पसंती कोण देणार त्याचे नाव लिहावे. चौकट, पोहोचवण्याचा खर्च आणि शेवटचे व्हार्निश किमतीत धरले आहे की नाही, हेही. चित्र कोणत्या टप्प्यांवर दाखवले जाईल यावर थोडा विचार करावा. कोळशाच्या रेखाटनाचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा; मांडणी, वय, मानेचा कल यांबद्दल जे म्हणायचे ते तिथे म्हणावे, कारण तिथे बदल फुकट होतो. त्यानंतर चित्र जवळजवळ पूर्ण झाल्यावरच पाहावे. मधल्या अवस्थेत चेहरा हिरवट, मातकट, डोळे नसलेला असा काहीही दिसू शकतो. त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकून मते मागवण्याइतका दुष्ट प्रकार दुसरा नाही.

कायद्याची एक बाब दोन्ही पक्षांना सहसा ठाऊक नसते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी व्यक्तिचित्र करवून घेतले असेल तर, वेगळा करार नसल्यास, त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक चित्र करवून घेणारा असतो. चित्रकार नव्हे. म्हणजे चित्रकाराला ते चित्र आपल्या पुस्तकात किंवा दिनदर्शिकेवर छापायचे असेल तर परवानगी घ्यावी लागेल. आपला हक्क राखायचा असेल तर चित्रकाराने तसे करारात लिहून घेतले पाहिजे.

मात्र कलम ५७ मधील विशेष हक्क चित्रकाराकडेच राहतात. चित्र आपले आहे असे सांगण्याचा आणि त्याची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हा हक्क आहे. न आवडलेले नाक दुसऱ्या चित्रकाराकडून परस्पर दुरुस्त करून घेणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकण्यात आले होते. त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सहगल यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आदेश सरकारला दिला. चित्र भिंतीवर न लावता माळ्यावर ठेवून दिले, तर मात्र कायद्याचा भंग होत नाही. तशी स्पष्ट तरतूद त्याच कलमात आहे.

सहा महिने आधी

पुण्यतिथी पंधरा दिवसांवर आली असताना तैलचित्र मागू नये. जवसाच्या तेलात घोटलेला रंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. ते तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. वरचा थर बोटाला न चिकटण्याइतका व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आतून पक्का व्हायला कित्येक महिने. थरांचाही क्रम असतो. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. घाईने तो उलटा झाला तर खालचा थर मागाहून आकसतो आणि वरचा तडकतो. कोकणपट्टीत पावसाळ्यात हे सारे आणखी रेंगाळते. सहा महिने हाती ठेवून काम दिले तर चित्रकाराला ते मधे भिंतीकडे तोंड करून ठेवता येते आणि ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहता येते.

शेवटचे व्हार्निश परंपरेने सहा महिने ते वर्षभराने दिले जाते. त्यासाठी चित्रकार पुन्हा घरी येणार की चित्र त्याच्याकडे न्यायचे, हे करारात असावे असे म्हटले ते याचसाठी. बहुतेक घरांत हे व्हार्निश राहूनच जाते.

बाजारात 'ऑइल पेंटिंग' या नावाने जे स्वस्तात मिळते त्यातले बरेचसे कॅनव्हासवर छापलेले असते आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. भिंगातून पाहिल्यास छपाईचे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या चित्रात कुंचल्याचा फटकारा गालाच्या, कपाळाच्या गोलाईबरोबर वळतो. जेलचा फटकारा खाली काय आहे याची पर्वा न करता आडवातिडवा जातो. असे छापील चित्र घेणे गैर नाही, फक्त त्याला तैलचित्राची किंमत मोजू नये.

हार कुठे घालावा?

चित्र घरी आल्यावर पहिले संकट हाराचे. आपल्याकडे दिवंगतांच्या फोटोला हार घालतात, कुंकू-गंध लावतात, समोर उदबत्ती आणि निरांजन लावतात. काचेमागच्या फोटोला हे सोसते. तैलचित्रावर सहसा काच नसते. ताज्या फुलांचा ओलावा कॅनव्हासमध्ये मुरतो, उदबत्तीची काजळी चेहऱ्यावर बसते, आणि गंधाचा ठिपका पुसायला गेले की खालचा रंग उचलला जाऊ शकतो. जाणत्या घरांतून यावर एक तोड काढलेली दिसते. पूजेसाठी छोटा काचेचा फोटो देवघरापाशी ठेवतात आणि तैलचित्र समोरच्या भिंतीवर लावतात. हार हवाच असेल तर चंदनी किंवा कापडी, आणि तोही चौकटीवर, रंगाला न टेकणारा.

पावसाचे पाणी मुरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नये. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवले की भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये हवा खेळते आणि मागून बुरशी येत नाही. पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडल्यासारखा दिसला तर घाबरून जाऊ नये. हवा कोरडी झाल्यावर तो बहुधा पुन्हा ताणला जातो. नाहीच गेला तर मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांतील पाचरी हलक्या हाताने ठोकाव्या लागतात, पण ते काम चित्रकारावर सोपवावे. ओले फडके, खोबरेल तेल, कापलेला बटाटा हे घरगुती उपाय टाळावेत. मऊ, कोरड्या कुंचल्याने वरची धूळ झटकणे पुरेसे असते.

आणि चित्र भिंतीवर चढवण्यापूर्वी ते उलटे करून मागे चार ओळी लिहून घ्याव्यात. कॅनव्हासवर मात्र लिहू नये. लाकडी चौकटीवर किंवा तिला लावलेल्या चिठ्ठीवर लिहावे. चित्र कोणाचे, कोणत्या वयाचे, कोणी व कोणत्या वर्षी केले, कोणत्या फोटोवरून केले. अनेक जुन्या संस्थांच्या जिन्यांत आणि अडगळीच्या खोल्यांत आज पगडी घातलेले, हातात पुस्तक धरलेले भारदस्त गृहस्थ भिंतीला टेकून उभे आहेत. ते कोण, आणि त्यांना रंगवले कोणी, हे सांगू शकणारे कोणीही आता त्या कचेरीत नाही.